सीमोर बेंझर: माशीच्या वागण्याचा पत्ता शोधणारा माणूस

रानवारा (धागाकर्ता)

२०१७ साली शरीरातल्या घड्याळावरच्या कामासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. चार दिवस जेट लॅगच्या बातम्या आल्या आणि विषय संपला. त्या घड्याळाचं पहिलं जनुक १९७१ मध्ये ज्यांनी शोधलं, तो रॉन कोनोप्का आणि त्याचा गुरू सीमोर बेंझर, दोघंही तोवर गेले होते. मरणोत्तर नोबेल देत नाहीत. कोनोप्काचा विषय प्रतिसादांत निघेलच, हा धागा बेंझरचा.

बेंझर मुळात फिजिक्सवाला. जन्म १९२१, न्यूयॉर्क, आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. तेराव्या वर्षी मायक्रोस्कोप भेट मिळाला, पण शिकला भौतिकशास्त्र. आधी ब्रुकलिन कॉलेज, मग पर्ड्यू विद्यापीठ. युद्धाच्या काळात रडारसाठी चांगलं जर्मेनियम हवं होतं आणि पर्ड्यूचा गट त्याच कामाला लागलेला. उलट्या दिशेने जास्त व्होल्टेज दिलं तरी दाद न देणारं जर्मेनियम बनवण्यात बेंझरचा मोठा वाटा होता. बेल लॅब्जमध्ये १९४७ च्या अखेरीस पहिला ट्रान्झिस्टर झाला तो याच जातीच्या जर्मेनियमवर. म्हणजे २६ व्या वर्षी हातात पीएचडी, आणि विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा उद्योग दाराशी उभा. या गड्याने काय करावं? श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाचं सजीवांवरचं छोटं पुस्तक वाचून तो विषाणूंकडे वळला. १९४८ च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरला फाजचा वर्ग केला (फाज म्हणजे बॅक्टेरियांवर जगणारे विषाणू), मग ओक रिज, कॅलिफोर्नियात कॅलटेकला फाजवाल्यांचा म्होरक्या मॅक्स डेलब्रुक याच्या हाताखाली, पुढे पॅरिसला पाश्चर संस्थेत. पर्ड्यूने त्याला रजेवर रजा दिली. त्या रजा मंजूर करणाऱ्या विभागप्रमुखाचंही एक चरित्र कोणीतरी लिहायला हवं!

त्या काळी जनुक म्हणजे माळेतला मणी, आत काही भाग नसलेला, अशी समजूत होती. बेंझरने टी-४ फाजचा आर-टू नावाचा भाग घेतला. या भागात बिघाड असलेला फाज ई. कोलायच्या 'बी' वाणावर वाढतो, 'के' नावाच्या वाणावर अजिबात वाढत नाही. दोन वेगवेगळे बिघडलेले फाज 'बी'वर एकत्र वाढवायचे आणि होणारी पिल्लावळ 'के'च्या बशीवर ओतायची. दोन बिघाड जनुकात वेगळ्या जागी असतील, तर क्वचित अदलाबदल होऊन एखादा धडधाकट फाज तयार होतो आणि बशीवरच्या बॅक्टेरियांच्या थरात भोक दिसतं. कोट्यवधींत एक असला तरी डोळ्यांना दिसतो, कारण बाकीचे उगवतच नाहीत. असे हजारो म्युटंट (जनुकात बिघाड झालेले) जमवून त्याने जनुकाच्या आतला नकाशा काढला, जवळजवळ डीएनएच्या एकेका अक्षरापर्यंत. माळेतला मणी फुटला. पुढे १९६१ मध्ये क्रिक आणि ब्रेनर यांनी जनुकीय लिपी तीन-तीन अक्षरांत वाचली जाते हे दाखवलं ते याच आर-टूवर.

आणि मग तो यालाही कंटाळला. क्षेत्रात गर्दी झाली होती. डेलब्रुकने बेंझरच्या बायकोला लिहिलेल्या पत्रात, सीमोरला इतके निबंध लिहू नकोस म्हणावं, असा टोमणा मारल्याचं प्रसिद्धच आहे. शिवाय घरी दोन मुली होत्या. पहिलं मूल असतं तेव्हा सगळं आपल्या वाढवण्यामुळे वाटतं. दुसरं पहिल्या दिवसापासून निराळं निघालं की माणूस विचारात पडतो. बेंझरने हा किस्सा स्वतः बऱ्याचदा सांगितला आहे. स्वभाव जनुकांत असतो का, हा प्रश्न जुनाच. याने तो फळमाशीला विचारला.

१९६७ चं ते उपकरण मला फार आवडतं. काचेच्या परीक्षानळ्यांच्या दोन ओळी समोरासमोर, एक ओळ सरकवता येईल अशी. पहिल्या नळीत माश्या घालायच्या, ठोकून तळाशी पाडायच्या, नळ्या आडव्या ठेवून दूरच्या टोकाला दिवा लावायचा. ठरावीक सेकंदांत ज्या उजेडाकडे धावल्या त्या समोरच्या नळीत गेल्या. चौकट एक घर सरकवली की त्या पुढच्या नळीत पडतात. पुन्हा ठोका, पुन्हा दिवा. असं पाच-सहा वेळा केलं की माश्या आपोआप वाटल्या जातात: दर वेळी धावणाऱ्या शेवटच्या नळीत, एकदाही न हललेल्या पहिल्या नळीत. मग दिवा उलट्या बाजूला ठेवून पुन्हा तेच. उजेडाकडेही धावते आणि उजेडापासूनही धावते ती नुसतीच धावरी. दोन्हीकडे बसून राहते ती आळशी, किंवा लंगडी. या दोन्ही गाळून जी उरते, तिचं धावणं खरोखर उजेडाशीच जोडलेलं. खर्च काही नाही, आणि माशीच्या मनात काय चाललंय याचा तर्क करत बसायची गरज नाही. 'के'च्या बशीने फाज निवडले तसेच नळीने माश्या निवडल्या. धंदे त्याने तीन केले, पण युक्ती एकच: निकाल हो किंवा नाही इतका स्पष्ट दिसला पाहिजे, आणि लाखांत एक असलेला नग हाती लागला पाहिजे.

नग सापडला की पुढचा प्रश्न, बिघाड शरीरात कुठे आहे? इथे तो आणि योशिकी होत्ता यांनी अर्धनारी माश्या वापरल्या. एका अस्थिर एक्स गुणसूत्रामुळे गर्भाच्या काही पेशींतून तो एक्स गळतो. त्या पेशींचा भाग नर होतो आणि तिथेच बिघाड उघडा पडतो, बाकीचा भाग मादी आणि ठणठणीत. एक डोळा बिघडलेला आणि एक चांगला, अशी माशी उभ्या अंधाऱ्या नळीत सोडून वर दिवा लावला, तर ती सरळ चढत नाही, मळसूत्रासारखी गोल गोल फिरत चढते. म्हणजे दोष डोळ्यात, मेंदूत नाही. 'ड्रॉप-डेड' नावाची माशी काही दिवस छान जगते, मग लडखडते आणि पटकन मरते. तिचा दोष मात्र मेंदूत निघाला, आणि मेंदू कापून पाहिला तर भोकं पडलेली. हे काम १९७२ चं. नकाशावरच्या अंतराच्या एककाला त्यांनी 'स्टर्ट' नाव दिलं, जुन्या माशीवाल्या स्टर्टेव्हंटच्या मानाने.

याच पठडीत १९७४ मध्ये क्विन, हॅरिस आणि बेंझर यांनी माश्यांना वास आणि विजेचा झटका यांची सांगड शिकवली. पुढे 'डन्स' म्हणजे ढ माशी मिळाली. तिच्यात पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या मोडणारं एन्झाइम बिघडलेलं होतं. समुद्री गोगलगाईवर एरिक कँडेल स्मृतीचं जे रसायन शोधत होता, त्याच साखळीतली ही कडी. उतारवयात बेंझर वार्धक्याच्या अभ्यासाकडे वळला आणि १९९८ मध्ये 'मेथुसेला' ही सरासरी ३५ टक्के जास्त जगणारी माशी दिली. २००७ मध्ये पासाडेनाला गेला, ८६ व्या वर्षी.

चकली

'ढ माशी' वाचून माझी शाळा आठवली. पण एक सांगा, प्रयोगशाळेत विचित्र खाण्याबद्दलचे किस्से याच माणसाचे ना? सुरवंट, मगरीची शेपटी वगैरे डब्यात आणायचा म्हणे.

रानवारा

हो, तोच. आणि दुपारी उगवून रात्रभर काम करणारा. घड्याळाचं जनुक निशाचराच्या लॅबमध्ये सापडावं यात नवल नाही.

निशाचर_कोथरूड

लेख उत्तम, पण घड्याळाचा भाग तुम्ही पहिल्या दोन ओळींत गुंडाळलात. तेच मुख्य होतं ना? मी वाचलं त्याप्रमाणे कोनोप्काला तीन म्युटंट मिळाले: एकीचा दिवस १९ तासांचा, एकीचा २८ तासांचा, एकीला दिवसच नाही. आणि तिन्ही एक्स गुणसूत्रावर एकाच जागी. इतका योगायोग? चार गुणसूत्रांच्या जोड्या असताना सगळं एक्सवरच कसं? मला हे जरा संशयास्पद वाटतं.

बाटलीबंद

निशाचर, दोन वेगळे प्रश्न आहेत. 'एक्सवरच का' याचं उत्तर सोपं आहे: त्याने एक्सवरच शोधलं.

माझी पीएचडी माश्यांवरचीच, म्हणून जरा सविस्तर. नरांना रात्रभर ईएमएस नावाचं रसायन घातलेलं साखरपाणी पाजतात, त्याने शुक्रपेशींत म्युटेशन होतात. आता बहुतेक बिघाड अप्रभावी, म्हणजे चांगली प्रत सोबत असेल तर लपून राहतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या माश्या बनवायला पिढ्या घालवाव्या लागतात. त्यावर जुनी पळवाट: दोन एक्स एकमेकांना चिकटलेल्या माद्या मिळतात. त्यांच्याशी जोडी लावली की मुलगे एक्स गुणसूत्र बापाकडून घेतात (नेहमी आईकडून येतं). मुलग्यात एक्स एकच, बिघाड लपायला जागा नाही. असा एकेक नर वेगळ्या बाटलीत त्याच जातीच्या माद्यांबरोबर ठेवला की त्याचे सगळे मुलगे तोच एक्स घेऊन येतात आणि एका झटक्यात एक वाण तयार होतो. कोनोप्काने असे सुमारे २००० नर तपासले. कोशातून माश्या पहाटेच्या सुमाराला बाहेर पडतात. ज्या बाटलीत भलत्याच वेळी बाहेर पडल्या ती बाजूला काढायची.

'एकाच जागी का' याला मात्र नशीब म्हणा. 'पीरियड' जनुक सुदैवाने एक्सवर होतं. 'टाइमलेस' दुसऱ्या गुणसूत्रावर आहे, ते या पद्धतीने मिळालंच नसतं. ते पुढे यंगच्या गटाला मिळालं. कोनोप्काला पहिला म्युटंट पहिल्या २०० नरांतच मिळाला, म्हणून माशीवाल्यांत 'कोनोप्काचा नियम' आहे: २०० त नाही मिळालं तर नाद सोडा. हा नियम पाळणारा कोणी मला भेटलेला नाही.

आणि हे वाचायला छान वाटतं, पण फ्लाय रूममधली हमाली सांगतो. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगार शिजवायचं, गार होताना प्रोपिऑनिक ॲसिड घालायचं. तो आंबूस वास शर्टाला घरापर्यंत येतो. व्हर्जिन गोळा करणं वेगळंच. मादी कोशातून निघाल्यावर साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही, तेवढ्या वेळात तिला वेगळी काढली नाही तर जोडी फुकट. म्हणजे सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, रविवारीसुद्धा. माश्यांना गुंगी द्यायची, पांढऱ्या फरशीवर पसरायच्या, मायक्रोस्कोपखाली ब्रशने नर एकीकडे, माद्या एकीकडे. नुकत्याच निघालेल्या मादीच्या पोटात एक काळपट ठिपका दिसतो, शेवटच्या जेवणाचा. तो शोधत डोळे जातात.

अवकाळी

बाटलीबंद, प्रतिसाद आवडला. मुंबईच्या लॅबचा यात काही संबंध आहे ना? टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था?

बाटलीबंद

आहे, आणि चांगला थेट आहे. ओबेद सिद्दीकी. होमी भाभांनी बोलावल्यावर १९६२ मध्ये त्यांनी कुलाब्याला टीआयएफआरमध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. भौतिकशास्त्राच्या संस्थेत जीवशास्त्र! पुढे ते कॅलटेकला बेंझरकडे गेले आणि तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्या शोधल्या. दोघांचा निबंध १९७६ चा. त्यातली 'कोमाटोज' माशी ३८ अंशांना निपचित पडते आणि गार केल्यावरही शुद्धीवर यायला बराच वेळ घेते. कित्येक वर्षांनंतर कळलं की तिच्यात चेतापेशीच्या टोकाला रसायन सोडणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन बिघडलेलं आहे.

मुंबईत परतल्यावर सिद्दीकींनी लुळ्या माश्या सोडून वास-चव धरली. त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज: कुटुंब मूळ गोव्याचं, जन्म केनियाचा, शिक्षण डब्लिनला, आणि पीएचडीसाठी कुलाबा. १९७८ च्या त्यांच्या निबंधात वास आणि चव न कळणारे म्युटंट आहेत. चवीची परीक्षा बेंझरच्या तोडीची साधी: खाण्याचा रंग मिसळलेलं गोड किंवा कडू अगार समोर ठेवायचं आणि नंतर माशीचं पोट रंगलंय का बघायचं. माशीचं पोट पारदर्शक असतं, निकाल बाहेरूनच दिसतो. त्या २०१० मध्ये गेल्या, सिद्दीकी २०१३ मध्ये. बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) ज्या पायावर उभं आहे तो याच खोल्यांत घातला गेला.

गणितमास्तर

सगळेच आरती ओवाळताहेत, तर मी जरा उलट बाजू मांडतो. वर्तन-आनुवंशिकी बेंझरने सुरू केली असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नाही. बर्कलीला रॉबर्ट ट्रायनने उंदरांच्या पिढ्या निवडत चक्रव्यूहात हुशार आणि मठ्ठ असे दोन वाण १९४० पर्यंत तयार केले होते. त्याचा विद्यार्थी जेरी हर्श माश्यांवर तेच करत होता: वर चढणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या माश्या पिढ्यान्‌पिढ्या निवडून वेगळ्या करायच्या. हर्शचं म्हणणं साफ होतं. वर्तन एका जनुकाने ठरत नाही, शेकडो जनुकांचे बारीक परिणाम मिळून ठरतं. एक जनुक मोडून माशी लंगडली म्हणून ते 'चालण्याचं जनुक' होत नाही. रेडिओची तार कापली आणि गाणं बंद पडलं, तर तारेत गाणं होतं का?

रानवारा

मास्तर, तारेचा मुद्दा मान्य, पण बेंझरने तारेत गाणं असल्याचा दावा केला नव्हता. तार कुठून कुठे जाते ते त्याला हवं होतं. आणि १९ तासांची माशी ही तुटलेली तार नाही. तिचं घड्याळ चालू आहे, नियमित चालू आहे, फक्त जलद आहे. मोडतोडीने घड्याळ बंद पडतं, वेगळ्या वेळेला नेमकं चालत नाही. डेलब्रुकचाही यावर आधी विश्वास बसला नव्हता.

हर्शची पुढची गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत, ती मी सांगतो. ग्रीनस्पॅन वगैरेंनी २००२ मध्ये हर्शच्याच वर-खाली वाणांतली जनुकं तपासली, हर्श स्वतः त्या निबंधात आहे. फरक दाखवणाऱ्या बऱ्याच जनुकांपैकी काही एकेक करून मोडून बघितली, आणि तीन जनुकांनी माशीची चढण खरोखर बदलली: क्रिप्टोक्रोम, पीडीएफ आणि पेंडुलिन. यांतली पहिली दोन घड्याळाची जनुकं म्हणूनच आधी माहीत होती. म्हणजे हर्श बरोबर, वर्तनात अनेक जनुकं. आणि बेंझरही बरोबर, कारण ती एकेक करून मोडून बघितल्याशिवाय कळली नसती.

गणितमास्तर

हे माहीत नव्हतं. निबंध शोधतो. तरीही 'एक जनुक, एक वर्तन' हा मथळा वर्तमानपत्रांना याच शाळेने पुरवला, हे माझं म्हणणं कायम.

सुलभाताई

मी निवृत्त शिक्षिका. वाचायला मजा आली. पण आमच्याकडे 'खाण तशी माती' म्हणून मुलीचं घराणं बघणारे अजून आहेत. त्यांच्या हाती हे पडलं तर ते म्हणतील, बघा, शास्त्रानेही सिद्ध झालं. माणसाबद्दल यातून काय निघतं, ते कोणी स्पष्ट सांगेल का?

रानवारा

ताई, प्रश्न रास्त आहे, आणि भीतीसुद्धा. बेंझरने ज्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला फाजचा वर्ग केला, तिथेच १९१० ते १९३९ पर्यंत सुप्रजननवाल्यांची कचेरी होती. घराण्यांच्या वंशावळी जमवून कोण 'हीन' हे ठरवणारी. त्यांच्या कामात आणि बेंझरच्या कामात फरक असा, की त्यांनी घराणं बघून आत काय असेल ते ठरवलं. बेंझरने उलट केलं: आधी नेमका बिघाड, मग तो शरीरात कुठे, मग त्याने काय बदलतं. घराण्याला या साखळीत जागाच नाही.

माणसाचं एक खरं उदाहरण: अमेरिकेतल्या युटातलं एक कुटुंब. त्यातल्या काही जणांना संध्याकाळी साडेसातलाच झोप अनावर होते आणि पहाटे साडेचारला टक्क जाग येते, पिढ्यान्‌पिढ्या. २००१ मध्ये त्यांच्यात माणसाच्या 'पर-२' जनुकात एक बदल सापडला. हे कोनोप्काच्या 'पीरियड'चंच मानवी भावंड. त्याच घरातल्या ज्यांच्यात हा बदल नाही, ते आपल्यासारखे झोपतात. एकाच खाणीतली माती आणि ती अशी वेगळी! घराणं बघून यातलं काही सांगता आलं नसतं. आणि बुद्धी, प्रामाणिकपणा, 'संस्कार' यांचा असा एका जागेचा पत्ता कोणी दिलेला नाही.

अवकाळी

कोनोप्काचं राहिलं. ज्या पोराने पीएचडी करताना हे शोधलं, त्याला पुढे कॅलटेकमध्ये प्राध्यापकी मिळाली, पण कायम केलं नाही, कारण निबंध कमी लिहिले. दुसऱ्या ठिकाणीही तेच झालं. शेवटी संशोधनच सुटलं. २०१५ मध्ये गेला, नोबेलच्या दोन वर्षं आधी. बेंझरला निदान लास्कर, वुल्फ, क्राफूर्ड असे मोठे पुरस्कार मिळाले. यावर कोणी बोलत नाही.

निशाचर_कोथरूड

+१. आणि ज्यांना नोबेल मिळालं त्यातला हॉल बेंझरकडेच पोस्टडॉक होता. डेलब्रुक बेंझरच्या बायकोला पत्र लिहून बेंझरला कमी निबंध लिहायला सांगतो, आणि पोराची नोकरी कमी निबंधांमुळे जाते!

सुलभाताई

शेजारच्या मुलांना घेऊन ते नळ्यांचं काही करता येईल का? केळ्यांवरची चिलटं चालतील?

बाटलीबंद

चालतील, ताई. बाटलीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवून कागदाचं नरसाळं लावा, आत जातात, बाहेर येत नाहीत. दोन सारख्या पारदर्शक नळ्या तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा. माश्या एका टोकाला ठोकून पाडा, आडवं ठेवा, दुसऱ्या टोकाला टॉर्च, बाकी खोली अंधारी. पंधरा सेकंदांनी दोन्हीकडच्या मोजा. मग टॉर्च माश्यांच्या टोकाला ठेवून पुन्हा करा, ही पायरी मुलं हमखास गाळतात. ठोकणं विसरू नका: निवांत बसलेली माशी उजेडाला फारशी विचारत नाही, हादरलेली माशी पळते. मोठी मुलं असतील तर आणखी एक. पंख कापलेल्या माश्या धडधाकट चालतात, पण उजेडाकडे जायचं जवळजवळ सोडून देतात. मॅकएवन नावाच्या माणसाने हे १९१८ मध्येच पाहिलं होतं. त्यासाठी गुंगी द्यावी लागते, तेवढं मात्र घरी करू नका.

सुलभाताई

नळ्या आहेत. टॉर्च पिवळ्या बल्बचा चालेल का एलईडीचा?

बाटलीबंद

एलईडी घ्या, पिवळा बल्ब लवकर तापतो. उजेडाला पळाल्या की उबेला, ते कळणार नाही.